त्वचेचे आजार आणि फॅमिली डॉक्टर : निदान, मलमे आणि अनिर्णित प्रश्न

पावसाळा मध्यावर आला की मुंबई-ठाण्यापासून कोकणपट्टीपर्यंत जनरल प्रॅक्टिशनरच्या दवाखान्यात खाजेच्या तक्रारी वाढतात. जांघेत आणि कमरेभोवती गजकर्ण, पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, मुलांच्या अंगावर खरूज. उन्हाळ्यात घामोळे आणि करटे, थंडीत कोरडी त्वचा आणि इसब. मुरूम, वांग, शिबे आणि अंगावर उठणारे पित्त बारा महिने असतातच. अधूनमधून नागीणही येते. यादी फार लांब नाही. पंधरा-वीस आजारांत बहुतेक रुग्ण बसतात. तरीही या आजारांचे निदान कोणी करावे, औषध कोणते आणि किती दिवस द्यावे, मलमांच्या विक्रीवर किती बंधने असावीत, यावर भारतीय वैद्यकविश्वात दहा-बारा वर्षे वाद चालू आहे. त्या वादाची पार्श्वभूमी, त्यातल्या मुख्य भूमिका आणि अजून न सुटलेले मुद्दे या आढाव्यात क्रमाने मांडले आहेत. गजकर्णाला त्यात जास्त जागा दिली आहे, कारण बाकीचे बहुतेक प्रश्न त्याच एका आजारात एकत्र आले आहेत.

प्रश्न केवढा आहे

इंग्लंड आणि वेल्समधल्या २००६ च्या नोंदींवरून असे दिसले, की लोकसंख्येतले सुमारे २४ टक्के लोक वर्षभरात एकदा तरी त्वचेच्या तक्रारीसाठी आपल्या जीपीकडे जातात. आपल्याकडे प्राथमिक पातळीवर अशी नोंद ठेवण्याची व्यवस्था नाही. पण खासगी दवाखाना असो वा प्राथमिक आरोग्य केंद्र, रोजच्या ओपीडीत त्वचेचे रुग्ण भरपूर असतात, हे कोणताही डॉक्टर सांगेल. त्वचारोगतज्ज्ञ मुख्यतः शहरांत आहेत. तालुक्याच्या गावी एखादा असतो किंवा नसतोही. त्यामुळे पहिला चट्टा जनरल प्रॅक्टिशनरने पाहायचा, ही आपल्याकडची वस्तुस्थिती आहे. अनेकदा त्याच्याही आधी तो औषधाच्या दुकानाच्या काउंटरवर दाखवला जातो.

हा प्रश्न आता जागतिक पातळीवरही मान्य झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये खरजेचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला. २०२२ मध्ये अशा त्वचारोगांसाठी एकत्रित कार्यक्रमाचा आराखडा आला, आणि मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने त्वचारोगांना सार्वजनिक आरोग्याचा प्राधान्याचा विषय ठरवणारा ठराव मंजूर केला. या सगळ्यात भर एकाच गोष्टीवर आहे : त्वचारोगांचे काम तज्ज्ञाच्या दारात नव्हे, प्राथमिक पातळीवर उभे राहिले पाहिजे.

पार्श्वभूमी : दोन वाटा, एक ट्यूब

आज जनरल प्रॅक्टिसमध्ये जी मलमे लिहिली जातात, ती दोन वेगळ्या वाटांनी आली. पहिली वाट बुरशीविरोधी औषधांची. १९०७ मध्ये आर्थर व्हिटफील्ड यांनी बेंझोइक आणि सॅलिसिलिक आम्लाचे मलम सुचवले. ते पुढे अनेक दशके गजकर्णाचे हुकमी औषध राहिले. १९५८ च्या सुमारास पोटात घ्यायचे ग्रिसिओफुल्विन आले, त्यानंतर क्लोट्रिमाझोलसारखी अ‍ॅझोल मलमे, आणि १९९० च्या दशकात टर्बिनाफाइन आणि इट्राकोनाझोल. टर्बिनाफाइन इतके परिणामकारक होते, की दोन आठवड्यांत गजकर्ण बरे होते असे पाठ्यपुस्तकांत निःशंकपणे लिहिले गेले.

दुसरी वाट स्टिरॉइडची. १९५२ मध्ये सल्झबर्गर आणि विटेन यांनी हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावल्याने इसब शमते असे दाखवले. पुढच्या दोन दशकांत बीटामेथासोन आणि क्लोबेटासोलसारखी कितीतरी पट तीव्र स्टिरॉइडे आली. इसब आणि सोरायसिसच्या रुग्णांना त्यांनी मोठा दिलासा दिला. पण धोकाही लवकरच लक्षात आला. गजकर्णावर स्टिरॉइड लावले तर त्याचे रूप बदलते आणि ओळख पटेनाशी होते, असे आइव्ह आणि मार्क्स यांनी १९६८ मध्येच नोंदवले होते.

भारतात या दोन्ही वाटा एका ट्यूबमध्ये एकत्र आल्या. तीव्र स्टिरॉइड, बुरशीविरोधी औषध आणि प्रतिजैविक, कधी त्यात आणखी चौथे औषध, असे मिश्रण असलेली मलमे मोठ्या प्रमाणावर विकली जाऊ लागली. त्यांच्यामागचे व्यावहारिक तर्कशास्त्र सोपे होते. इसब असो, बुरशी असो वा जंतुसंसर्ग, तिन्हींपैकी एक औषध लागू पडेलच. निदान नेमके झाले नाही तरी चालेल. पाच मिनिटांत एक रुग्ण पाहणाऱ्या दवाखान्यात या तर्काचे आकर्षण समजण्याजोगे आहे. आजच्या वादाची सुरुवातही तिथूनच होते.

निदान : जवळून काय पाहायचे

त्वचेच्या निदानाचा मोठा भाग महागड्या तपासण्यांवाचून होतो, याबद्दल दुमत नाही. मात्र रुग्णाचे कपडे काढून, चांगल्या उजेडात आणि बोट लावून पाहावे लागते.

गजकर्णाचा ठरावीक चट्टा कडेने वाढतो. कड किंचित उंच, खवल्यांची आणि बारीक पुटकुळ्यांची असते. मधली त्वचा बरी झाल्यासारखी दिसते. जागाही बोलकी असते : जांघ, नितंब, काख, स्तनांखालची घडी, आणि पुरुषांत करदोट्याच्या खालची कमरेभोवतीची पट्टी. स्टिरॉइड लावून आलेल्या रुग्णात ही कड पुसट होते, चट्ट्याच्या आत दुसरे कडे उमटते किंवा चट्टे एकमेकांत मिसळून नकाशासारखे पसरतात. उलट बाजूने, प्रत्येक गोल चट्टा गजकर्णच असतो असेही नाही. नाण्याएवढे इसब, सोरायसिस आणि पिटिरायसिस रोझिया ही तिन्ही दुखणी नेहमी गजकर्ण समजली जातात.

शंका असेल तिथे पोटॅशियम हायड्रॉक्साइडची साधी चाचणी उपयोगी पडते. चट्ट्याच्या कडेवरचे खवले बोथट पात्याने स्लाइडवर खरवडून घ्यायचे, त्यावर दहा टक्के द्रावणाचे एक-दोन थेंब टाकून काच ठेवायची आणि पेशी विरघळेपर्यंत थोडा वेळ थांबायचे. मग सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या सीमा ओलांडून जाणारे, फाटे फुटलेले पारदर्शक धागे दिसतात. खर्च नगण्य, वेळ पंधरा-वीस मिनिटे. या चाचणीविषयी दोन मते आहेत. एक गट म्हणतो, की पोटातून औषध सुरू करण्यापूर्वी ती व्हावी, निदान औषध लागू न पडलेल्या रुग्णात तरी हवीच. दुसऱ्या गटाच्या मते जनरल प्रॅक्टिसमध्ये सूक्ष्मदर्शक नसतो आणि वाचणाऱ्याचा हात बसलेला नसेल तर कापसाचा धागाही बुरशी वाटतो. शिवाय चाचणी कोरी आली म्हणून आजार नाही असे ठरत नाही, विशेषतः रुग्ण आधीच बुरशीविरोधी मलम लावत असेल तर. या गटाचा भर नीट पाहण्याच्या प्रशिक्षणावर आहे.

खरजेचे निदान बरेचसे विचारण्यावर अवलंबून असते. रात्री वाढणारी खाज, घरातल्या आणखी कोणाला तीच तक्रार, आणि बोटांची बेचकी, मनगट, बेंबीभोवतीचा भाग, पुरुषांत जननेंद्रियावरच्या गाठी, हे चित्र जुळले की निदान जवळजवळ पक्के. पहिल्यांदाच लागण झालेल्या माणसाला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे घरातला न खाजवणारा माणूसही लागण झालेला असू शकतो. ही एक गोष्ट न सांगितल्यामुळे उपचार वाया जातात.

सर्वांत जपून पाहायचा तो फिकट चट्टा. लहान मुलाच्या गालावरचा किंचित खरखरीत फिकट डाग बहुधा निरुपद्रवी असतो. घरचे त्याला जंत किंवा कॅल्शियमची कमतरता म्हणत असतात. छाती-पाठीवरचे ठिपके नखाने खरवडल्यावर कोंडा पडला तर ती शिबे. खडूसारखा पांढराशुभ्र, स्पष्ट कडेचा डाग कोडाचा. पण फिकट किंवा तांबूस चट्ट्यावर रुग्णाला डोळे मिटायला लावून कापसाच्या टोकाने किंवा बॉलपेनने हलका स्पर्श केला आणि तो कळला नाही, तर कुष्ठरोग समजून पुढची तपासणी करायची. कोपरामागची नस जाड लागते का, तेही चाचपायचे. चेहऱ्यावर मात्र ही खूण फसवते, कारण तिथे स्पर्श बराच काळ शाबूत राहतो. भारताने डिसेंबर २००५ मध्ये दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण ही राष्ट्रीय पातळीवरची मर्यादा गाठली, आणि त्यानंतर सामान्य डॉक्टरांच्या मनातून हा आजार मागे पडला. पण २०२३ मध्ये जगात नोंदल्या गेलेल्या सुमारे १ लाख ८३ हजार नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतातले होते. विदर्भातल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरला हे वेगळे सांगावे लागत नाही; मुंबईत स्थलांतरित मजूर तपासणाऱ्याने ते लक्षात ठेवायला हवे.

निदानात आणखी एक अडचण आहे. त्वचाशास्त्राची पुस्तके दीर्घकाळ गोऱ्या कातडीवरून लिहिली गेली. त्यांत ‘लाल’ म्हणून दाखवलेला चट्टा आपल्या सावळ्या त्वचेवर जांभळट, करडा किंवा नुसताच गडद दिसतो. आणि आजार बरा झाल्यावरही काळसर डाग महिनोन्‌महिने राहतो. तो डाग म्हणजे शिल्लक राहिलेला आजार समजून रुग्ण मलम लावत राहतो, कधीकधी डॉक्टरही चालू ठेवतात. लंडनमधले वैद्यकीय विद्यार्थी मलोन मुकवेंडे यांनी २०२० मध्ये सहकाऱ्यांसह सावळ्या त्वचेवरच्या लक्षणांची पुस्तिका काढली, तेव्हा या उणिवेकडे जगभर लक्ष गेले.

गजकर्ण का हटेना : चार स्पष्टीकरणे

साधारण २०१४ पासून भारतातल्या त्वचारोग विभागांत गजकर्णाचे चित्र बदलले. चट्टे मोठे, अंगभर, घरातल्या तीन-चार जणांना एकाच वेळी, नेहमीच्या औषधाला दाद न देणारे आणि बरे होऊन पुन्हा उलटणारे. या बदलाची चार स्पष्टीकरणे मांडली जातात.

पहिले, मिश्र मलमांचे. स्टिरॉइड दाह आणि खाज दडपते. रुग्णाला दोन दिवसांत आराम पडतो, पण बुरशीला थोपवणारी त्वचेची प्रतिकारशक्तीही त्याबरोबर दडपली जाते. ट्यूब थांबवली की खाज दुपटीने परतते आणि रुग्ण तीच ट्यूब पुन्हा आणतो. त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेचा, म्हणजे आयएडीव्हीएलचा, भर मुख्यतः या कारणावर आहे.

दुसरे, बुरशीच बदलल्याचे. पूर्वी भारतात ट्रायकोफायटॉन रुब्रम ही जात प्रामुख्याने सापडे. आता तिची जागा दुसऱ्या जातीने घेतली आहे. जपानमध्ये भारतीय आणि नेपाळी रुग्णांत सापडलेल्या नमुन्यांवरून कानो आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव दिले. टर्बिनाफाइन ज्या एन्झाइमवर काम करते, त्याच्या जनुकात या बुरशीच्या अनेक नमुन्यांत बदल झालेला आढळतो, त्यामुळे औषध लागू पडत नाही. ही बुरशी आता युरोपात पोहोचली आहे. अमेरिकेत न्यूयॉर्कमधल्या पहिल्या दोन रुग्णांची नोंद मे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. हे स्पष्टीकरण मानणाऱ्यांचे म्हणणे असे, की मलमांचा गैरवापर पूर्वीही होता. नवे काही घडले असेल तर ते बुरशीत.

तिसरे, राहणीमानाचे. घट्ट जीन्स, सिंथेटिक अंतर्वस्त्रे, दमट हवा, लोकलचा गर्दीतला प्रवास, दाटीची घरे, एकच टॉवेल, पावसाळ्यात धड न वाळलेले कपडे. यातले प्रत्येक कारण पटण्यासारखे आहे. मात्र २०१४ च्या आसपासच असे काय बदलले, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

चौथे, अपुऱ्या आणि निकृष्ट औषधाचे. रुग्ण खाज थांबली की गोळ्या बंद करतो. इट्राकोनाझोलच्या कॅप्सूलमध्ये बारीक गोळे असतात. त्यांचा आकार, संख्या आणि त्यांवरचा औषधाचा थर यांवर औषध रक्तात किती उतरते ते ठरते, आणि कंपनीगणिक यात फरक पडतो. स्वस्त ब्रँड चालतात का, हा प्रश्न त्यामुळे केवळ किमतीचा राहत नाही.

ही चारही कारणे एकमेकांना छेद देत नाहीत, आणि बहुतेक अभ्यासक ती एकत्र धरतात. कोणत्या कारणाचा वाटा किती, यावर मात्र एकमत नाही. उपाय कोणता हवा, हे त्या वाट्यावरच ठरणार असल्याने हा मतभेद पुस्तकी म्हणून सोडून देता येत नाही.

उपचार : पुरावा काय सांगतो

वाराणसीत झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जुनाट गजकर्णाच्या २०० रुग्णांना चार गटांत विभागून चार औषधे देण्यात आली. आठ आठवड्यांनी इट्राकोनाझोलच्या गटात ६६ टक्के, फ्लुकोनाझोलच्या ४२, टर्बिनाफाइनच्या २८ आणि ग्रिसिओफुल्विनच्या गटात १४ टक्के रुग्ण बरे झाले होते. पाठ्यपुस्तकातल्या दोन आठवड्यांच्या टर्बिनाफाइनवर वाढलेल्या पिढीला हे आकडे धक्कादायक होते. सर्वांत चांगल्या औषधानेही दर तीन रुग्णांतला एक बरा झाला नव्हता.

मग इट्राकोनाझोलचा डोस वाढवावा का? २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका भारतीय चाचणीत रोज १००, २०० आणि ४०० मिलिग्रॅम अशा तीन डोसांची तुलना झाली. बरे होण्याच्या प्रमाणात मोठा फरक पडला नाही. मोठ्या डोसने रुग्ण लवकर बरे झाले, पण आजार उलटण्याचे प्रमाण तिन्ही गटांत बरेच होते. यावरून एक मत असे, की रोज २०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. खर्च आणि यकृताच्या तक्रारी विनाकारण वाढतात. दुसऱ्या मतानुसार फार पसरलेल्या आजारात लवकर बरे होण्यालाही मोल आहे, कारण तेवढ्याने घरातला फैलाव कमी होतो.

उपचाराच्या मुदतीबद्दल तज्ज्ञांच्या मतैक्यातून काही मार्गदर्शन आले आहे. २०१८ च्या भारतीय सहमती-निवेदनानुसार नव्या, मर्यादित आजारात किमान दोन ते चार आठवडे, आणि चिवट आजारात चार आठवड्यांहून अधिक उपचार हवेत. नवा आणि एखाद्याच जागेचा आजार असेल तर नुसते मलम पुरते; पसरलेल्या आजारात पोटातून औषध आणि मलम दोन्ही. स्टिरॉइडयुक्त मिश्रणे टाळावीत यावर निवेदनकर्त्यांचे एकमत आहे. चट्टा गेल्यावर औषध आणखी किती दिवस चालू ठेवावे, यावर मात्र भक्कम चाचण्यांचा आधार तोकडा आहे. प्रत्येक तज्ज्ञ आपल्या अनुभवाने आकडा सांगतो.

इतर आजारांत चित्र अधिक स्वच्छ आहे. खरजेवर पाच टक्के परमेथ्रिन मानेपासून तळपायापर्यंत आठ ते बारा तास आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा. घरातल्या सर्वांनी एकाच दिवशी. खाज त्यानंतरही दोन-चार आठवडे रेंगाळते, तेवढ्यावरून औषध फसले असे समजू नये. आयव्हरमेक्टिनच्या सामूहिक वापराने फिजीच्या बेटांवर खरजेचे प्रमाण वर्षभरात ३२.१ वरून १.९ टक्क्यांवर आल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडे आश्रमशाळा आणि वसतिगृहांत असा प्रयोग करावा का, हा विचार त्यातूनच पुढे येतो. नागिणीत पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी औषध सुरू केल्यास फायदा होतो. गेरूचा लेप आणि ‘उतरवण्याच्या’ उपायांत नेमके तेच तास जातात. अंगावर पित्त उठल्यावर झोप न आणणारी दुसऱ्या पिढीची अ‍ॅन्टीहिस्टामाइन्स पुरेशा डोसात आणि नियमित घ्यावीत, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका सांगतात. तरी दवाखान्यांत स्टिरॉइडच्या इंजेक्शनची सवय टिकून आहे, कारण तासाभरात गांधी उतरतात आणि रुग्ण खूश होऊन जातो.

स्टिरॉइड मलमे : बंधन आणि भीती

चेहऱ्यावरच्या गैरवापराचा पहिला मोठा पुरावा २०११ मध्ये आला. देशातल्या १२ केंद्रांत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे सुमारे १५ टक्के, स्टिरॉइड मलम लावत होते. अनेकांना ते गोरे होण्यासाठी हवे होते. कातडी पातळ होणे, लाली, मुरूम, केस वाढणे हे परिणाम त्यातून होतात. जांघेत उमटलेले ताणाचे पांढरे पट्टे तर कायमचे राहतात.

कायद्याची बाजू अशी. औषध नियमांच्या शेड्यूल एचमधल्या एका सवलतीमुळे त्वचेवर लावायची स्टिरॉइडे बराच काळ चिठ्ठीच्या बंधनाबाहेर होती. त्वचारोगतज्ज्ञांच्या पाठपुराव्यानंतर मार्च २०१८ मध्ये केंद्राने अशी १४ स्टिरॉइडे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. त्याआधी मार्च २०१६ मध्ये ३४४ मिश्र औषधांवर बंदी आली होती. ती न्यायालयात अडकली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार फेरतपासणी होऊन सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी घातली गेली. चार-चार औषधांची काही त्वचेची मलमेही त्यात होती.

या उपायांबद्दल तीन भूमिका आहेत. एका गटाला बंधने आणखी कडक हवी आहेत आणि मिश्र मलमे पूर्णपणे बंद व्हायला हवी आहेत. दुसरा गट अंमलबजावणीकडे बोट दाखवतो : चिठ्ठीचा नियम कागदावर आहे, काउंटरवर नाही, आणि जिथे डॉक्टरच जवळ नाही तिथे तो पाळायचा कसा, हे कोणी सांगत नाही. तिसऱ्या गटाचे निरीक्षण अधिक अडचणीचे आहे. ही मलमे केवळ दुकानदार देत नाहीत, डॉक्टरही लिहून देतात. विक्रीवरच्या बंधनाने डॉक्टरच्या चिठ्ठीवर काही परिणाम होत नाही.

या चर्चेची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. स्टिरॉइडची धास्ती इतकी पसरली आहे, की इसब असलेल्या लहान मुलांचे आईवडील योग्य मलमही लावायला तयार होत नाहीत. मूल रात्रभर खाजवत राहते. बालरोगतज्ज्ञ आणि त्वचारोगतज्ज्ञ दोघेही सांगतात, की योग्य तीव्रतेचे स्टिरॉइड, योग्य जागी, मोजक्या दिवसांसाठी हा इसबाच्या उपचाराचा पाया आहे. मोजमापही सोपे आहे. लाँग आणि फिनले यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली मलमाची रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. चिठ्ठीवर ‘लावणे’ एवढेच लिहिण्याऐवजी किती, कुठे आणि कोणत्या तारखेपर्यंत हे लिहिले, तर अतिवापर आणि भीती दोन्ही कमी होतील, असे या क्षेत्रातल्या अनेकांचे मत आहे.

कोणी करायचे : प्रशिक्षण, परवाना, पडदा

एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात त्वचारोगाची स्वतंत्र परीक्षा नाही. तो मेडिसीनच्या पोटात येतो. पुढे ज्या आजारांनी ओपीडी भरणार, त्यांना शिकताना मिळणारा वेळ थोडा. महाराष्ट्रात जनरल प्रॅक्टिसचा मोठा भार आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या पदवीधरांवर आहे. आयुर्वेद पदवीधरांना १९९० च्या दशकातल्या अधिसूचनांपासून आधुनिक औषधे वापरण्याची मुभा आहे. होमिओपॅथीच्या पदवीधरांना २०१४ च्या कायदादुरुस्तीने, औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर, ती मिळाली. त्याला इंडियन मेडिकल असोसिएशनने मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. अपुऱ्या शिक्षणावर दिलेली परवानगी रुग्णाला घातक ठरेल, असे असोसिएशनचे म्हणणे. ग्रामीण भागात दुसरा डॉक्टरच नसतो, तेव्हा आहे त्याला शिकवणे शहाणपणाचे, असे राज्याचे आणि होमिओपॅथी संघटनांचे. मिश्र मलमांपुरते पाहिले, तर ती लिहून देण्यात सर्व पदव्यांचे डॉक्टर आहेत.

तज्ज्ञ नसलेल्यांना शिकवून काम होते का, याची उदाहरणे आफ्रिकेत आहेत. टांझानियातल्या मोशी येथे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झालेले प्रादेशिक केंद्र डॉक्टर नसलेल्या आरोग्य अधिकाऱ्यांना त्वचारोगांचे प्रशिक्षण देते, आणि ते आपापल्या जिल्ह्यांत हे काम सांभाळतात. मालीमध्ये नेहमीच्या मोजक्या आजारांसाठी पायरीपायरीची निर्णयपद्धती बनवून प्राथमिक पातळीवरच्या कर्मचाऱ्यांना थोड्या अवधीत शिकवण्यात आली. आपल्याकडे असा प्रयत्न राज्यव्यापी प्रमाणावर झालेला नाही.

तंत्रज्ञानाकडून अपेक्षा आहेत. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनंतर आणि ई-संजीवनी या सरकारी टेलिमेडिसिन सेवेच्या प्रसारानंतर गावातल्या केंद्रातून तज्ज्ञाला फोटो दाखवणे सोपे झाले. त्वचारोग फोटोवर इतर आजारांपेक्षा बरे दिसतात. पण स्पर्श, खवल्यांचा पोत आणि नसांची जाडी फोटोत येत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेचेही तसेच. २०२० मध्ये २६ नेहमीचे त्वचारोग ओळखणारी एक प्रणाली चर्चेत आली. २०२२ मध्ये वेगवेगळ्या वर्णांच्या छायाचित्रांवर अशा काही प्रणाली तपासल्या, तेव्हा सावळ्या त्वचेवर त्यांची अचूकता घसरली. समर्थक म्हणतात, भारतीय छायाचित्रांवर शिकवल्यास ही उणीव भरून निघेल. साशंक मंडळी विचारतात, की स्टिरॉइडने रूप बदललेले गजकर्ण अनुभवी डोळ्यालाही फसवते, तिथे यंत्र कशावर शिकणार?

एकमत कुठे, मतभेद कुठे

एकमताची यादी बऱ्यापैकी मोठी आहे. चट्टा उघडा करून पाहिल्याशिवाय मलम देऊ नये. निदान अनिश्चित असेल तर मिश्रणाने ते झाकू नये. गजकर्णात आणि खरजेत घरातल्या इतरांना विचारावे, शक्यतो तपासावे. फिकट चट्ट्यावर स्पर्श तपासावा. उपचाराची मुदत चिठ्ठीवर लिहावी. चार-सहा आठवड्यांत उतार पडला नाही, चेहरा-डोळे किंवा गरोदर स्त्री असेल, किंवा आजार अंगभर असेल, तर रुग्ण पुढे पाठवावा.

मतभेद राहिले आहेत ते वेगळ्या गोष्टींवर : गजकर्णाच्या उद्रेकात मलमांचा वाटा किती आणि बुरशीचा किती, टर्बिनाफाइन पहिले औषध म्हणून ठेवावे की नाही, चट्टा गेल्यावर उपचार किती ताणावा, आणि कायदा काउंटरवर लावायचा की चिठ्ठीवर.

यातल्या बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एक समान अडचण आहे. भारतातले जवळजवळ सर्व अभ्यास मेडिकल कॉलेजांच्या त्वचारोग विभागांतून आले आहेत. तिथे पोहोचणारा रुग्ण दोन-तीन दवाखाने आणि चार-पाच ट्यूबा करून आलेला असतो. पहिल्यांदाच चट्टा दाखवायला आलेल्या माणसात टर्बिनाफाइन किती लागू पडते, त्याची बुरशी कोणती असते, दोन आठवडे नुसते क्लोट्रिमाझोल लावून किती जण बरे होतात, याची उत्तरे त्या आकड्यांतून काढता येत नाहीत. कदाचित परिस्थिती समजतो तितकी वाईट नसेल, कदाचित अधिक वाईट असेल. कोकण, विदर्भ आणि मुंबईच्या वस्त्यांतल्या काही जनरल प्रॅक्टिशनरांनी वर्षभर एकाच नमुन्यात नोंदी ठेवल्या, नव्या रुग्णांच्या खवल्यांचे नमुने जवळच्या मेडिकल कॉलेजला पाठवले आणि तीन महिन्यांनी त्याच रुग्णांना पुन्हा बोलावून पाहिले, तर वरच्या यादीतले निम्मे मतभेद मोजता येण्याजोगे होतील. ही चर्चा पुढे सरकायची असेल तर तिची सामग्री या दवाखान्यांतूनच यावी लागेल.